पन्नासपैकी पन्नास

सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर आहे. मूळचा सोलापूरकडचा, आमच्याकडे 'पान लागलं' म्हणतात, इथे 'किरडू चावला', एवढा फरक सोडला तर कॅज्युअल्टीतले वाद सगळीकडे सेमच.

मागच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. संध्याकाळी साडेसातला एका तिशीतल्या माणसाला आणलं, दुपारी साडेतीनला चिरे हलवताना बोटाला फुरसं चावलेलं. मधले चार तास गेले गावातल्या आबांकडे, जे पाला लावून विष उतरवतात. मनगटाला सुतळी करकचून बांधलेली, हात टम्म सुजलेला, बोटावर हिरवा लगदा आणि त्याखालून रक्त झिरपतंय.

मी म्हटलं ॲडमिट करा, रक्त बघतो, बहुतेक सापाच्या विषावरची लस लागेल. तर सोबतचे चुलते आडवे. "डॉक्टरांनू, आबान पन्नास जणांक बरा केल्यान, एक पण मेलो नाय. तुमच्याकडे गेल्या वर्षी आमच्या वाडीतलो गेलो, ता सांगा."

आता गंमत अशी की यातलं काहीच बहुतेक खोटं नव्हतं. आबांकडे जाणाऱ्यांत धामण, दिवड, कवड्या असले बिनविषारी साप चावलेलेच जास्त असणार, त्यांना पाला लावा नाहीतर खोबरेल लावा, ते बरे होणारच. नाग-फुरसं पण चावताना दर वेळी विष सोडतंच असं नाही. आणि ज्याला खरंच चढतं त्याला उशिरा का होईना आमच्याकडे आणतात, मग तो गेला तर आमच्या खात्यावर! मी विचारलं, आबांकडून निघून रस्त्यात गेलेले कोणी धरलेत का त्या पन्नासात? तर म्हणे त्यांनी पथ्य मोडलं असणार. म्हणजे वाचला तर आबा, गेला तर पथ्य, आबा हरणार कसे? वर अजून एक, तुमची लस पण सापाच्या विषापासूनच करतात ना, मग आबा काय वेगळं करतात? मी घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, मग त्याच्या रक्तातून वगैरे सुरू केलं, तर सिस्टरनी डोळे वटारले, "सर, लेक्चर नंतर."

खरंय. असल्या वेळी बोलून कोणी ऐकत नाही. आम्ही एक साधी टेस्ट करतो, दोन एमएल रक्त काचेच्या कोऱ्या कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करायची. फुरशाचं विष चढलं असेल तर रक्त गोठत नाही. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेली तर अजिबात नाही. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त पण ठेवतात, म्हटलं काका, तुमचंच द्या. वाटलं चिडतील, पण त्यांनी गुमान बाही वर केली.

दोन्ही नळ्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली. काका वीस मिनिटं स्टुलावर बसून नळ्यांकडेच बघत होते, पुतण्याकडे पण नाही. मग आधी त्यांची नळी तिरकी केली, रक्ताचा गोळा तळाशी जेलीसारखा चिकटलेला, जागचा हलला नाही. पुतण्याची केली तर रक्त कोकम सरबतासारखं थेट काठापर्यंत आलं.

"लावा," एवढंच म्हणाले.

दहा व्हायल सलाईनमधून तासाभरात दिल्या, रिॲक्शन येते का ते बघत शेजारीच उभा होतो, आली नाही. सहा तासांनी, म्हणजे रात्री अडीचच्या सुमारास पुन्हा नळी लावली. गोठलं.

सकाळी काका खुशीत. "आबान आधी पालो लावल्यान म्हणून तुमची लस लागू पडली."

माझं डोकंच सरकलं. चहाला सिस्टरांजवळ तणतणलो, की काय लोक आहेत, स्वतःच्या डोळ्यांनी बघून पण श्रेय पाल्याला! त्या शांतपणे म्हणाल्या, सर, ऑगस्टमध्ये तो पोरगा आलेला आठवतो का, ज्याच्या बापाने मेलेला साप पिशवीतून आणला होता? कवड्या निघाला. आपण रात्रभर नुसतं ठेवून घेतलं, साधं सलाईन लावलं, आणि सकाळी त्याची आई डॉक्टरांनी वाचवलं म्हणून तुमच्या पाया पडली. तेव्हा सांगितलंत का तिला, की विष नव्हतंच?

नव्हतं सांगितलं. उलट दोन नारळ पण घेतले होते.

त्यांची सोलकढी अख्ख्या स्टाफने प्यायली, सिस्टरांनी तर दोन ग्लास, पण तो विषय मी काढला नाही.