पूर ६९ : मुलाखतींच्या कामाची तिसरी नोंद

स्थिती : नाशिकच्या १९६९च्या महापुराच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण संपत आलंय, सूची (कुठल्या मिनिटाला काय बोललं, त्याची यादी) निम्मी झालीय, शब्दांकन रेंगाळलंय. या फेरीत सगळा वेळ एकाच प्रश्नाने खाल्ला : आपली कुणाचीच ओळख नसलेल्या संशोधकाने ही फाईल वीस वर्षांनी उघडली, तर त्याला काय कळेल?

१९६९च्या महापुराबद्दल विचारलं की एक वाक्य हमखास येतं, "पाणी पार इथपर्यंत!" हात कमरेशी होता की गळ्याशी, हे रेकॉर्डरला दिसत नाही. विचारणाऱ्याने तिथल्या तिथे बोलून घ्यावं, "म्हणजे आजी, जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत?" मुलाखत संपल्यावर त्या पायरीला टेप लावून फोटो काढावा आणि फोटोचा क्रमांक सूचीत त्या मिनिटासमोर टाकावा. गोदाघाटावर तर दुतोंड्या मारुती, म्हणजे तिथली दोन तोंडांची मारुतीची मूर्ती, ही अख्ख्या गावाची मोजपट्टी आहे. "दुतोंड्याच्या छातीला" असं उत्तर आलं तर तेच शब्द ठेवा. त्याचे फूट-मीटर आपण करायला गेलो की मूळ साक्ष संपते आणि आपला अंदाज उरतो.

सालांचंही तेच. नाशकात काळ सिंहस्थावरून सांगतात : "त्या सिंहस्थाच्या आधी वाडा पाडला." यात बारा-बारा वर्षं मिळवत गेलात की फसलात. १९८०नंतरचा सिंहस्थ १९९१ला आला, मग २००३ आणि २०१५. म्हणून सूचीत दोन रकाने केलेत : एकात बोललेले शब्द, दुसऱ्यात आपण लावलेला सालांचा पल्ला. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की नंतर कुणाचं म्हणणं कुठलं, ते सुटं करता येत नाही.

ध्वनीचं थोडक्यात. डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाईल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माईकला तासाला सुमारे ५२० एमबी, दोन माईकना एक जीबीच्या किंचित वर. काही रेकॉर्डर दोन जीबीला फाईल तोडतात, म्हणजे दोन माईक असतील तर साधारण दोन तासांनी. जोड ऐन वाक्यात येऊ नये म्हणून दीड तासाला चहाचा ब्रेक घेऊन नवी फाईल सुरू करा. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा; पुराची गोष्ट रंगली की आवाज चढतोच. जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरशीवर आवाज घुमतो. त्यावर दोन गोधड्या फरशीवर आणि एक समोरच्या भिंतीवर, एवढा इलाज पुरतो. पंखा बंद. तांबट आळीच्या बाजूला असाल तर ठोके थांबण्याची वाट बघू नका, दुपारच्या जेवणाची वेळ गाठा.

कॉलर माईक हनुवटीखाली साधारण वीतभर. नऊवारी-सहावारीत पदर ज्या खांद्यावर त्याच्या उलट बाजूला लावा, आणि मंगळसूत्र क्लिपला टेकत नाही ना ते आधी मिनिटभर ऐकून घ्या. ती किणकिण नंतर कुठल्याही फिल्टरने नीट निघत नाही. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की 'स' आणि 'श' बोथट होतात, म्हणून ते फक्त ऐकण्याच्या प्रतीवर. मूळ फाईलला हात नाही, सुरुवातीची खाकरणीसुद्धा कापायची नाही. चाळीस सेकंद कापले की सूचीतल्या सगळ्या वेळा चाळीस सेकंदांनी चुकतात. या फेरीत दोन फाईलींची सूची याच कारणाने पुन्हा करावी लागली.

शब्दांकनाला तासाला किमान सहा तास धरा. व्हिस्परसारखी, बोलणं ऐकून आपोआप लिहिणारी यंत्रं कच्चा मसुदा देतात, पण शांततेच्या जागी न बोललेली वाक्यं घालतात, कधी एकच ओळ दहादा लिहितात. भांड्यांची नावं तर हमखास बिघडतात. एका ठिकाणी घंगाळाचं गोंधळ झालेलं. त्यामुळे आवाजाशी ताडल्याशिवाय मसुदा पुढे जात नाही. 'व्हतं'चं 'होतं' करायचं नाही. प्रमाण रूप सूचीच्या शोधशब्दांत द्यावं.

आता सगळ्यात छळणारी गोष्ट. 'पायऱ्या' शोधलं तर निम्म्याच पायऱ्या सापडत होत्या. कारण 'पायऱ्या' आणि 'पायर्‍या' पडद्यावर सारखे दिसले तरी एकात स्वतंत्र ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. शब्दांकन करणाऱ्या दोघांचे कीबोर्ड वेगळे, एवढंच निमित्त. युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणाऱ्या प्रक्रियेने) ही जोडी एक होत नाही. सगळ्या फाईलींवर शोधा-बदला चालवून पहिलं रूप कायम केलं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोधाला उपयोगाचाच नाही.

प्रत्येक फाईलसोबत एक संदर्भपान आहे : तारीख, जागा, विचारणारा कोण आणि खोलीत आणखी कोण होतं. शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. मुलगा शेजारी बसला की नुकसानीचे आकडे आणि भाऊबंदकीची उत्तरं बदलतात, आणि नुसत्या शब्दांकनावरून हे कुणालाच उमगणार नाही.

संमती दोनदा घेतो : बोलण्याआधी ध्वनिमुद्रणाची, आणि प्रत ऐकवल्यावर वापराची. दुसऱ्या वेळी नावासह, नावाविना, अमुक सालानंतर, किंवा अमुक मिनिटं बंद, असे पर्याय वाचून दाखवतो. सही नको असेल तर तोंडी होकार ध्वनिमुद्रित करतो. "कुणालाही कळणार नाही" असं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या सशस्त्र संघर्षात सामील असलेल्यांच्या मुलाखती बोलणाऱ्याच्या हयातीत उघडणार नाही असं सांगून घेतल्या होत्या. २०११मध्ये त्यांच्यासाठी समन्स निघालं. आमच्या अर्जात आता "कायद्याच्या मर्यादेत" हे शब्द आहेत, आणि त्यांचा अर्थ सोप्या मराठीत समजावून सांगायचा असतो.

उरलेलं काम : तीन प्रती, त्यातली एक शहराबाहेर, प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ ठसा (फाईल जराही बदलली तर बदलणारा आकडा), आणि ज्यांनी अजून प्रत ऐकलेली नाही त्यांच्याकडे स्पीकर घेऊन पुन्हा जाणं. तोवर त्या फाईली कुणालाही द्यायच्या नाहीत, कुणी कितीही ओळखीचं असलं तरी.