माया

गेल्या मार्चमध्ये मी एक कुर्ता मागवला. लिननचा, शेवाळी रंगाचा, किंमत २,४०० रुपये. सोबत सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं एक कार्ड होतं. हा कुर्ता पृथ्वीची काळजी घेतो, असं त्यावर छापलेलं. मला बरं वाटलं. सोफ्यावर बसल्या बसल्या आपण पृथ्वीसाठी काहीतरी केलं! दोन धुण्यांत तो काखेत असा आवळला, की स्कूटीचं हँडल धरायचं म्हणजे श्वास रोखून धरायचा. पृथ्वीची काळजी घेण्याच्या नादात त्याचं माझ्याकडे दुर्लक्षच झालं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जिन्याखाली टेलर काका बसतात. त्यांनी कुर्ता उलटा केला, बाजूची शिवण अंगठ्याखालून सरकवत नेली आणि घडी करून परत दिला.

"नाही होत, ताई. याच्यात मायाच नाही न सोडली."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड मुडपून ठेवतात, ती माया. संतांनी जिच्यापासून सावध राहायला सांगितलं ती वेगळी, आईची वेगळी आणि शिंप्याची ही तिसरी. हिचं माप घेता येतं. चांगला शिंपी दीड-दोन इंच सोडतो. माझ्या कुर्त्यात पाव इंच होती आणि तिच्या काठावर ओव्हरलॉकचे टाके. त्या मशीनला पातंच असतं, शिवता शिवता उरलेलं कापड छाटत जातं. कारखान्याचंही बरोबर आहे. हजारो कुर्ते निघतात, एकेकातले दोन-दोन इंच वाचले तर ठाणच्या ठाण वाचतात. फक्त असा कुर्ता ज्या मापाचा जन्मतो त्याच मापाचा मरतो, आणि माणसाचं तसं नसतं. माझं तर नाहीच नाही.

मला आठवला माझा शाळेचा ट्यूनिक. नागपूरच्या महाल भागातल्या एका टेलरकडे आईनं शिवून घेतलेला, खाली चार बोटं दुमड. दर जूनमध्ये ती एक टीप उसवायची आणि ट्यूनिक बोटभर खाली यायचा. जुन्या दुमडीची रेघ मात्र जायची नाही. इस्त्री, लिंबू, काही चालायचं नाही. सातवीत माझ्या घेरावर तीन रेघा होत्या. वर्गातल्या कोणीही मोजून सांगावं, ही पाचवी, ही सहावी. शेवटच्या रेघेवर आईनं काळी लेस लावून दिली आणि फॅशन आहे म्हणून सांगितलं. मी महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाही.

कुर्त्याच्या रागात त्या रात्री आलमारी उपसली. वर घालायचे कपडे ६३ निघाले. त्यातले रोज फिरवून घालते ते १४. उरलेल्यांत ११ काळ्या कुर्त्या, कारण काळ्यात बारीक दिसतं असं मला कोणीतरी कॉलेजात सांगितलं होतं आणि मी ते अजून मनावर घेतलंय. सेलमध्ये ३९९ ला घेतलेले, हात लावला की चटचट वाजणारे पॉलिएस्टरचे नऊ. नागपुरात राहून पॉलिएस्टर घेणाऱ्या बाईला खरं तर दंड व्हायला हवा. कापूस आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओल हवेतून धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हे शिकायला पुस्तक लागत नाही. बर्डीच्या बाजारात दुपारी एक चक्कर पुरते.

आणि त्या १४ मध्ये १० शिवलेले निघाले. म्हणजे उत्तर आलमारीतच होतं, मी ते पार्सलमधून मागवत होते.

तर आता मी गांधीबागेतल्या कापडबाजारात जाते. तिथे कटपीस मिळतात. ठाण संपताना उरलेले दोन-अडीच मीटरचे तुकडे गठ्ठ्यात बांधलेले असतात आणि दुकानदार गादीवर फेकत जातो, एकावर एक, आपण नको म्हणेपर्यंत. अडीच मीटर सुती कापड मला चारशेत पडलं, शिलाई साडेतीनशे. साडेसातशेचा कुर्ता. त्या शेवाळी कुर्त्याच्या पैशात असे तीन झाले असते आणि वर दीडशे रुपये तर्रीपोह्यांना उरले असते. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं, काय आटायचं ते शिवण्याआधीच आटू द्यायचं. हे मी विसरले तर काका कापड परत पाठवतात.

त्रास नाही असं नाही. काकांचा मंगळवार कोणत्या आठवड्यातला ते विचारायचं नसतं, आणि दिवाळीच्या महिनाभर आधी ते नवीन कापडाकडे बघतसुद्धा नाहीत. घाई असेल तर दुकानातूनच घ्यावं, उगाच तत्त्वाला चिकटू नये. घेताना तेवढं आतून बघावं. मी आता मॉलमध्येही कपडे उलटे करून शिवण तपासते, तेव्हा माझी मुलगी दोन रांगा लांब जाऊन उभी राहते.

मॉल म्हणजे एम्प्रेस सिटी. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी इथेच एम्प्रेस मिल सुरू केली. आजोबा तिथे होते, भोंग्यावर घरातलं घड्याळ लावायचे. जिथे सूत निघायचं, कापड निघायचं, तिथे आता कुठून कुठून शिवून आलेले कपडे हँगरला लटकतात. भोवतालचा विदर्भ कापूस पिकवतो. एका सुती टी-शर्टमागे २,७०० लिटर पाणी लागतं असा एक अंदाज नेहमी सांगतात. आमच्याकडचा बहुतेक कापूस पावसावरचा, त्यामुळे ते पाणी नळाचं नसतं, आभाळाचं असतं, आणि ते वेळेवर पडेल का, या काळजीचा हिशेब त्या लिटरमध्ये येत नाही.

आईकडे हा सगळा विचार नव्हता, कंजुषी होती. दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई यायची. तिला जरीकाठाच्या, नायलॉनच्या साड्या हव्या असायच्या, बाबांच्या टेरीकॉटच्या पँटी. विरलेली सुती साडी ती परत फेकायची. "हे नको, बाई." आई तासभर घासाघीस करून एक गंज, म्हणजे पातेलं, मिळवायची, आणि फेकलेली साडी खुशीत उचलून आत न्यायची, जणू तीच खरी कमाई. तिची आधी दुपटी व्हायची, मग वाकळीचं अस्तर, मग उन्हाळ्यात ओली करून खिडकीला, शेवटी पोछा. तो गंज मात्र दोन वर्षांत गळायला लागला.

शेवाळी कुर्ता फुकट गेला नाही. काकांनी दोन्ही बाजू उसवल्या आणि माझ्या जुन्या सुती ओढणीची पट्टी काखेपासून खालपर्यंत घातली. १२० रुपये. आता लोक विचारतात, कुठून घेतला.

परवा नवीन कापड घेऊन गेले. काकांनी मापं वहीत उतरवली, पेन्सिल कानामागे ठेवली आणि मला एकदा वरून खालपर्यंत बघितलं.

"माया दीड इंच पुरे, का दोन सोडू?"

मी क्षणभर दुखावले. मग म्हटलं, "दोन."