मुदत सांगितली नाही

अधिवेशन म्हटलं की लोकांना गोंधळ, सभात्याग आणि पायऱ्यांवर फलक धरून उभे असलेले आमदार आठवतात. टीव्हीवर तेवढंच दिसतं, त्यामुळे लोकांचाही दोष नाही. मी एका आमदारांचा स्वीय सहायक आहे, म्हणजे सगळे म्हणतात तो पीए. मला अधिवेशनात रोज एकाच गोष्टीचा घोर असतो: आज मतदारसंघात काय कळवायचं.

आमच्या ताईंचा पहिल्या टर्मपासूनचा दंडक आहे. सभागृह चालू असेल त्या प्रत्येक दिवशी रात्री गावोगाव निरोप गेला पाहिजे. काही झालं असेल तर काय झालं, नसेल तर काही झालं नाही. ऐकायला सोपं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, आणि त्यातही ज्यांनी आमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून गावनिहाय याद्या, प्रत्येक गावात 'नंबर सेव्ह करा' म्हणून मागे लागणं, आणि निवडणुकीनंतर ज्यांनी रागानं आमचा नंबर काढून टाकला त्यांना कळवण्यासाठी तिसराच कोणीतरी शोधणं, हे सगळं आलं. ग्रुप काढून सोपं झालं असतं. पण ग्रुपवर सकाळी फुलं येतात, दुपारी भांडणं होतात आणि आपला निरोप रात्रीपर्यंत कुठल्या कुठे वर जातो.

ही गोष्ट एका नागपूर अधिवेशनातली. २०२० आणि २०२१ ला हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकलं गेलं. त्यानंतर पुन्हा नागपूर सुरू झालं, तेव्हापासूनच्या वर्षांतलं एक. साल आणि गाव मुद्दाम लिहीत नाही.

गाव नदीपलीकडे. मधे एक फरशी पूल, बुटका. पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो आणि गावाचा संपर्क तुटतो. मुलांची शाळा बुडते, दुधाच्या किटल्या अलीकडे येत नाहीत, आजाऱ्याला लांबच्या वळशानं न्यावं लागतं. उंच पूल हवा ही मागणी जुनी. त्या वर्षी गावातले एक निवृत्त गुरुजी तहसीलसमोर आमरण उपोषणाला बसले. वय सत्तरीच्या आसपास, मधुमेह. बरोबर गावातली पंधरा-वीस माणसं असायची, पण उपाशी एकटे गुरुजीच.

ताईंनी लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधून सभागृहात उत्तर मागणारी सूचना, द्यायला सांगितली. लक्षवेधी लिहिणं हा माझा आवडता भाग, त्याबद्दल जरा बोलू द्या. लक्षवेधी सूचना हे एकच लांबलचक वाक्य असतं आणि त्यात सगळी क्रियापदं 'णे'कारान्त. पूल पाण्याखाली जाणे, परिणामी विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होणे, रुग्णांची गैरसोय होणे, ग्रामस्थांनी वारंवार मागणी करूनही दुर्लक्ष होणे, त्यामुळे नागरिकांमध्ये पसरलेला तीव्र असंतोष, याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व उपाययोजना. या साच्यात एकही शब्द जास्त न घालता खात्याला पळवाट ठेवायची नाही, ही कला आहे. 'दुर्लक्ष' लिहिलं की खातं पत्रव्यवहाराची जंत्री देऊन 'दुर्लक्ष झालेले नाही' म्हणतं आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून मी कार्यालयांच्या पत्रांच्या तारखा घालतो. नव्यानं आलेले पीए जुन्या सूचना कॉपी करून गावाचं नाव बदलतात. तेवढ्यानं आमदाराचं नाव छापून येतं, काम होत नाही.

सूचना दिली म्हणजे लागली असं नाही. 'लागली' म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या क्रमात छापून आली. ढीगभर सूचनांतून थोड्या लागतात. लागली तरी पुकारली जाईलच असं नाही. सभागृह तहकूब झालं, मंत्री दुसऱ्या सभागृहात अडकले, की ती राखून ठेवतात. आमची लागली. आदल्या रात्री आमदार निवासात खोलीतल्या सतरंजीवर बसून मी कामकाजाचा क्रम पाहिला, तेव्हा खरंच बरं वाटलं. बाहेर थंडी अशी की ब्लँकेटवर ब्लँकेट. शिवाय मतदारसंघातून 'अधिवेशन बघायला' आलेले सहा कार्यकर्ते खोलीत घोरत होते.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचं छापील निवेदन हातात आलं. लक्षवेधीत मंत्री निवेदन वाचत नाहीत, ते आधीच वाटलेलं असतं. सभागृहात थेट प्रश्न होतात. त्यामुळे खरी लढाई निवेदन हातात पडल्यापासून सूचना पुकारेपर्यंतच्या वेळात होते. निवेदनात पाचव्या ओळीवर मेख होती. सदर रस्ता ग्रामीण मार्ग असून जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहे.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. नदी एकच, गाव तेच, पण रस्त्याचा दर्जा बदलला की पुलाचा मालक बदलतो. मोठ्या पुलाचा खर्च जिल्हा परिषदेला झेपत नाही, आणि रस्ता आपला नाही म्हणून खातं पूल घेत नाही. उपाय म्हणजे दर्जोन्नती: रस्त्याला प्रमुख जिल्हा मार्ग करायचं. त्यासाठी ठराव आणि प्रस्ताव जिल्हा परिषदेनं पाठवायचा. आणि तिथं तेव्हा निवडून आलेले सदस्यच नव्हते, प्रशासक होते. प्रशासकाला पूल नसल्याचा त्रास होत नाही.

मी ताईंसाठी तीन प्रश्न लिहून दिले. दर्जोन्नतीचा प्रस्ताव मागवण्याचे निर्देश देणार का? किती दिवसांत? पुलाचा समावेश येत्या अर्थसंकल्पात करणार का? चिठ्ठीवर मधल्या प्रश्नाखाली दोन रेघा ओढल्या.

दुपार मोर्च्यांत गेली. मॉरिस कॉलेज चौकाकडून कोणत्यातरी संघटनेची शिष्टमंडळं येत होती, पोलीस पासेस तपासत होते. सभागृहात आम्हाला जाता येत नाही, मी पक्ष कार्यालयातल्या टीव्हीसमोर चिकटून बसलो. गावात ग्रामपंचायतीत आणि उपोषणाच्या मंडपात लोक मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावून बसले होते. सूचना पुकारली तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते.

ताई चांगलं बोलल्या. पहिल्या प्रश्नाला मंत्री म्हणाले, प्रस्ताव मागवण्याचे निर्देश देण्यात येतील, आणि प्रस्ताव प्राप्त झाल्यानंतर पुलाबाबत सकारात्मक निर्णय घेण्यात येईल. ताई दुसऱ्या प्रश्नासाठी उठणार तोच शेजारच्या बाकावरचे एक सदस्य उभे राहिले. अध्यक्ष महोदय, माझ्याही मतदारसंघात असाच पूल आहे. मग आणखी एक. हे आमदार लोक दुसऱ्याच्या लक्षवेधीत आपलं गाव घुसडतात, कारण त्यांच्याही रात्रीच्या निरोपात काहीतरी जायचं असतं. मला त्यांचा राग येतो आणि ते का करतात हेही पक्कं कळतं. मंत्र्यांनी तिघांना मिळून एक उत्तर दिलं. ताई म्हणाल्या, "किती दिवसांत, मंत्री महोदय, मुदत सांगा." मंत्री अर्धे उठले. पण तालिका अध्यक्षांनी, म्हणजे तेव्हा अध्यक्षांच्या जागी बसलेल्या सदस्यांनी, पुढची सूचना पुकारली होती. माइक बंद.

सोशल मीडिया बघणाऱ्या पोरांचं काम तोपर्यंत झालंही होतं. हे काम आम्ही बाहेरच्या मुलांना देतो; हुशार आहेत, पण त्यांच्याकडे साचे सकाळीच तयार असतात. ताईंचा हात वर केलेला फोटो, खाली 'पाठपुराव्याला यश', गावाचं नाव भरायला जागा. 'सकारात्मक निर्णय घेण्यात येईल' एवढा तुकडा कापून रील तयार. 'प्रस्ताव प्राप्त झाल्यानंतर' त्यात नाही. मी म्हटलं, अरे, अट कुठे गेली? तो म्हणाला, "सर, तीस सेकंदांत बसत नाही."

मी माझा निरोप लिहिला. मंत्र्यांचं वाक्य जसंच्या तसं, अटीसकट. खाली: 'किती दिवसांत, या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही. मुदत सांगितलेली नाही.' त्याखाली पुढचं पाऊल: प्रस्तावासाठी जिल्हा परिषदेकडे पाठपुरावा. ताई बाहेर आल्यावर फोन त्यांच्या हातात दिला. प्रत्येक निरोप त्या वाचतात.

त्यांनी मधल्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं. "हे काढा."

मी म्हटलं, ताई, खरंच नाही सांगितली.

"माहितीय मला. मीच विचारलं होतं." त्या चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "गुरुजींची साखर सकाळी किती होती, विचारलंत? ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर मला दोनदा फोन करून बोललेत. हे वाचलं तर तो माणूस उठणार नाही. आज रात्री काही झालं, तर तुमच्या त्या खऱ्या वाक्याचं काय करू मी?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही धड सुचत नाही. ताईंना उपोषण सुटायला हवं होतं यात त्यांचाही फायदा होता, हे मी जाणतो. ते सुटलं की यश, लांबलं की विरोधकांना मुद्दा. पण त्या मिनिटाला त्या राजकारण करत होत्या असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. त्यांचे वडीलही मधुमेहानंच गेले.

निरोप मी त्या दोन वाक्यांशिवाय पाठवला. अट ठेवली, ती काढा असं त्याही म्हणाल्या नव्हत्या. मग बाजूला जाऊन गुरुजींना फोन लावला, आणि वगळलेली वाक्यं त्यांना वाचून दाखवली. निरोप सगळ्या तालुक्यासाठी होता, उपाशी मात्र हे एकटे होते. त्यांना अर्धं सांगणं मला जमेना.

पलीकडे मंडपात टाळ्या चालल्या होत्या. रील पोचलं होतं. गुरुजी म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. ते म्हणाले, "प्रशासक प्रस्ताव कधी पाठवणार?"

"सांगता येत नाही गुरुजी."

"मंत्र्यांनी मार्चपर्यंत म्हटलं असतं, तर मी मार्चपर्यंत साखळी उपोषण लावलं असतं. तारीखच नाही म्हणता, मग मी कोणत्या दिवसासाठी उपाशी राहू?" थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "तहसीलदार आलेत लिंबूपाणी घेऊन. घेतो. पण सभागृहात बोलल्याची छापील प्रत मला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप नको."

ताईंचा अंदाज साफ उलटा पडला, असं मी तेव्हा मनात म्हटलं. मुदत नाही हे ऐकूनच माणूस उठला. पण नंतर वाटलं, गुरुजींच्या जागी दुसरा कोणी असता, तरुण, हट्टी, तर हेच ऐकून आणखी चार दिवस बसला असता. गुरुजी निघाले शहाणे. पण निरोप पाठवताना मला ते ठाऊक नव्हतं.

प्रत मिळवणं हे वेगळंच काम. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द प्रतिवेदक टिपून घेतात, पाळीपाळीनं. दोन्ही बाजू एकाच वेळी ओरडत असल्या तरी वाक्य कुणाचं होतं हे त्यांना कळतं. या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. त्यांचं नाव कुठल्याही फलकावर येत नाही. असुधारित प्रत मिळाली तेव्हा मी ती पानं आमदार निवासाच्या पायरीवर बसून वाचली. मंत्र्यांचं वाक्य अटीसकट जसंच्या तसं. ताईंचं 'मुदत सांगा' हेही होतं. त्याच्या पुढच्याच ओळीवर दुसऱ्या जिल्ह्याची सूचना. पानं गुरुजींना पाठवली.

पुढचं थोडक्यात. सभागृहात दिलेलं आश्वासन ९० दिवसांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते, आणि त्यावर विधानमंडळाची आश्वासन समिती लक्ष ठेवते. निर्देश देण्याचं आश्वासन वेळेत पुरं झालं: खात्यानं जिल्हा परिषदेला पत्र पाठवलं. प्रस्ताव गेला. तो त्रुटी काढून परत आला. रस्त्याची लांबी एका कागदावर वेगळी आणि दुसऱ्यावर वेगळी होती. दुरुस्त होऊन पुन्हा गेला. 'पाठपुराव्याला यश'चा फलक तहसील चौकात पावसाळ्यापर्यंत होता. त्या पावसाळ्यात फरशी पूल पुन्हा पाण्याखाली गेला, तेव्हा कुणीतरी त्या फलकासमोर उभं राहून व्हिडिओ काढला आणि तो आमच्या रीलपेक्षा जास्त फिरला. पोरांना मी काही बोललो नाही. ताई बोलल्या, दार बंद करून.

गुरुजींना फोन केल्याचं ताईंना मी त्याच आठवड्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला विचारून केला असतात, तर मी नको म्हटलं असतं." मी म्हटलं, म्हणूनच विचारलं नाही. त्यावर त्यांनी फाइल मागितली, दुसऱ्याच कामाची. आमच्यात हा विषय त्यानंतर निघालेला नाही, पण तेव्हापासून माझ्या निरोपातलं एकही वाक्य त्यांनी काढलेलं नाही. का, ते मला ठाऊक नाही. विश्वास वाढला असेल, किंवा मी काहीही करून सांगणारच, असं त्यांनी गृहीत धरलं असेल.

येत्या अधिवेशनासाठी याच पुलाची सूचना पुन्हा लिहिली आहे. गुरुजींनी प्रतीच्या कडेला शाईनं दुरुस्त्या करून फोटो पाठवला होता, त्यातल्या दोन घेतल्या. ताईंच्या चिठ्ठीवर या वेळी मुदतीचा प्रश्न पहिला ठेवलाय. सूचना अजून लागलेली नाही.