बारावीनंतर नाट्यशास्त्र: एका आईचा अनुभव

कुडाळात राहून मुलीला इंजिनीअरिंगला घालायचं असेल तर सल्ला द्यायला अख्खी आळी हजर असते. सीईटी कधी, कॅप राऊंड किती, रत्नागिरीचं सरकारी कॉलेज बरं की मुंबईकडचं खासगी, सगळं लोकांना तोंडपाठ. आमच्या लेकीला बारावीनंतर नाटक शिकायचं होतं. हे ऐकल्यावर लोक आधी गप्प व्हायचे, मग "छान छान" म्हणायचे आणि मग विचारायचे, "पण कॉलेज कुठलं घेणार?"

नाटकाला आमच्याकडे तोटा नाही. कार्तिक उजाडला की जत्रा आणि जत्रेत दशावतार. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, तिच्या रत्नागिरी केंद्रावर आमच्याकडची हौशी मंडळी वर्षानुवर्षं उतरतात. सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे युवा महोत्सवातली एकांकिका, प्रहसन, एकपात्री हेही पोरांना ठाऊक असतं. पण हे सगळं दिवसभराचं काम आटोपून रात्री करायचं नाटक. फॉर्म भरून, फी भरून, तीन वर्षं रोज सकाळी जाऊन शिकायचं नाटक आमच्या ओळखीत कोणीच पाहिलेलं नव्हतं.

त्यामुळे सल्ले आले ते असे. पहिला म्हणजे "दिल्लीला पाठव, एनएसडीला." राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासूनचं, नाव सगळ्यांना माहीत, नियम कोणालाच नाहीत. तिथे पदवीधर असावं लागतं, वय १८ ते ३० मध्ये बसावं लागतं आणि किमान सहा नाटकांत काम केलेलं असावं लागतं. आधी प्राथमिक ऑडिशन, त्यातून निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा आणि अखेर साऱ्या देशातून तीसेक जागा. बारावी झालेल्या पोरीला तिथे दारच नाही. दुसरा सल्ला मुंबई विद्यापीठाच्या थिएटर आर्ट्स अकादमीचा. वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये ती सुरू झाली, काम नावाजलेलं आहे, पण अभ्यासक्रम पदव्युत्तर. तिसरा सल्ला "रुईयाला घाल, त्यांचं नाट्यवलय जबरदस्त आहे." नाट्यवलय जबरदस्त आहेच, पण ती कॉलेजची नाट्यसंस्था आहे. वर्गात जाऊन शिकायचं ते अर्थशास्त्र नाहीतर मानसशास्त्र, नाटक त्याच्या बाहेर. अनेक पालक इथेच गोंधळतात. चांगली एकांकिका करणारं कॉलेज वेगळं आणि नाटकाची पदवी देणारा विभाग वेगळा. पहिलं वाईट नाही, उलट पुष्कळ नटमंडळी तिथूनच घडली, पण आपण काय निवडतोय ते आधी कळलेलं बरं.

गाळून गाळून उरलं ते एवढं: पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, १९८७ पासूनचं, जिथे बारावीनंतर नाटकात बीए करता येतं, पणजीला कला अकादमीचं नाट्यमहाविद्यालय, आणि मुंबईतल्या खासगी संस्था. पणजी आम्हाला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, की आलंच गोवा. पण तिथे आपण परराज्यातले. जागांचा हिशेब वेगळा, मायग्रेशन सर्टिफिकेट वेगळं. तो फॉर्म आम्ही राखून ठेवला.

आमचे मामंजी दशावतारात होते. स्त्रीपार्ट करायचे. अजून जत्रेला गेलो की म्हातारी माणसं त्यांच्या सीतेची आठवण काढतात. मला वाटलं होतं, घरात हेच तेवढे खूश होतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाटक शिकाक पैशे भरूचे लागतत? आमका तर नाटक केल्यार पैशे गावायचे." मग जरा वेळाने, "थोडे गावायचे, पन गावायचे." रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, ही दशावतारी माणसाची कहाणी त्यांनी जगलेली. रंगपटाचा पेटारा त्यांनी स्वतः वाहिलेला. त्यांचा विरोध नव्हता, पण नातीने हे पोटासाठी करावं असंही त्यांना वाटत नव्हतं. विरोध होता तो माझ्या बहिणीचा, आणि तो अजून आहे.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, सगळं इतर प्रवेशांसारखंच. फक्त सेतूत मार्चमध्येच जा. बारावीचा निकाल लागला की सगळा तालुका तिथे उभा असतो आणि तहसीलदारांची सही काही तुमच्या ऑडिशनची तारीख बघून होत नाही.

खरं काम होतं तयारीचं. साधारण सगळीकडे मागतात ते असं: दोन वेगळ्या प्रकृतीचे उतारे, एक गंभीर आणि एक हलका, दोन-तीन मिनिटांचे, थोडं गाणं, अंग मोकळं करून काही हालचाल, जागच्या जागी दिलेला प्रसंग उभा करणं, आणि मग गप्पा. लेकीकडे एक एकपात्री होतं. त्यावर तिला शाळेपासून बक्षिसं मिळालेली. कुठे रडायचं, कुठे थांबायचं, कुठल्या शब्दाला वळून बघायचं, सारं ठरलेलं. आमचं सगळ्यांचं मत, तेच कर.

मुंबईतल्या एका खासगी संस्थेची ऑडिशन आधी आली. तिने तेच केलं. तिच्या सांगण्यावरून कळलं ते इतकंच की समोरच्या बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, "हे कोणाला सांगतेयस?" लेक म्हणाली, "प्रेक्षकांना." त्या म्हणाल्या, "प्रेक्षक मीच आहे, सहा फुटांवर बसलेय. मला एवढ्या मोठ्याने का सांगतेयस?" देवळासमोरच्या मांडवात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज हे आमच्या घरचं भूषण. त्या खोलीत तो भिंतींना आदळत होता.

तिथे तिची निवड झाली. संध्याकाळी फोन आला, दोन दिवसांत अमुक रक्कम भरा, परत मिळणार नाही. रक्कम अशी की माझ्या पतसंस्थेतल्या पगाराचे कित्येक महिने त्यात जावेत. शिक्षक कोण, सत्रात नाटकं किती, पदवी कोणत्या विद्यापीठाची, असं विचारलं तर "सगळं वेबसाईटवर आहे." नव्हतं. आम्ही भरले नाहीत. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तेही चाललं. जिथे घाईघाईने पैसे मागतात तिथे आपण घाई करायची नाही, हे मी पतसंस्थेत कर्जदारांनाही सांगते.

मग पुण्याच्या आधीचे दिवस. रत्नागिरीचा एक मुलगा नाटक शिकत होता, त्याला तिने गाठलं. तो म्हणाला, बक्षिसाचं एकपात्री बाजूला ठेव. स्पर्धेत परीक्षक तयार माल बघतात, इथे हिला शिकवता येईल का ते बघतात. उतारा करून झाला की ते काहीतरी बदलायला सांगतील. तेव्हा ज्याचं सगळं घट्ट बसलेलं असतं त्याची पंचाईत होते.

हे ऐकून मामंजी पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले. दशावतारात लिहिलेली संहिता नसतेच. कथा ठरते, पात्रं वाटली जातात आणि बोलायचं ते उभ्या उभ्या. समोरच्याने भलताच प्रश्न टाकला तर त्याच पात्रात राहून उत्तर द्यायचं. हार्मोनियम-मृदंगवाल्यांनाही तुमच्या बोलण्यावरूनच कळतं, पद कधी येणार. मग रोज संध्याकाळी खळ्यात त्यांचं सुरू झालं. "मी नारद. माझ्याकडे एक बातमी आसा. तू रुक्मिणी. काढून घे." ती विचारायची, ते टोलवायचे. ती चिडली की ते विषयच बदलायचे. कधी रुक्मिणी संपून आजोबा-नातीचं खरं भांडण सुरू व्हायचं आणि मला आतून ओरडावं लागायचं की भात निवतोय. त्यांचं एक वाक्य लेकीने वहीत लिहून ठेवलंय: "समोरच्याचा आयकान घे, मगे तोंड उघड." पण आवाजाच्या बाबतीत मात्र मामंजींचा काही उपयोग नव्हता. हळू बोलून नाटक होतं हे ते मान्यच करत नाहीत. त्यासाठी ती रात्री दिवे घालवून गादीवर पडून उतारा म्हणायची. मला ऐकू आला तर चुकलं, असा तिचाच नियम.

उतारेही बदलले. एक हलका प्रसंग, तोही तिच्या वयाच्या मुलीचा. पंचेचाळिशीच्या विधवेचं दुःख अठराव्या वर्षी करू नये असं माझं स्पष्ट मत झालंय, बक्षिसं कितीही मिळोत.

जूनमध्ये कोकणातून पुण्याला जाणं ही वेगळीच परीक्षा. रेल्वेला पावसाळी वेळापत्रक लागलेलं, गाड्या हळू. रस्त्याने जावं तर घाटात दरडी. आम्ही कोल्हापूरमार्गे रात्रीची बस धरली आणि मुद्दाम एक दिवस आधी चिंचवडला नणंदेकडे उतरलो. रात्रभर बसमध्ये अवघडलेलं अंग घेऊन पोराला हालचाली करायला उभं करू नका. नणंदेने विचारलं, "एवढी काय ती परीक्षा, नाटकाची?" मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी सांगते."

बाहेर पालकांची गर्दी होती. साताऱ्याकडचे एक गृहस्थ मुलाचे इस्त्रीचे कपडे हँगरला लावून उभे, आणि आत सांगितलेलं सैल कपड्यांत या म्हणून. एक आई डोळे मिटून बसलेली, ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणतेय. मुलाचा उतारा म्हणत होती, पूर्ण, विरामांसकट. तिचा मुलगा आत गेला तेव्हा त्याच्यासोबत काय काय आत गेलं असेल असं माझ्या मनात येऊन गेलं. मी लेकीला पाण्याची बाटली दिली आणि कँटीनला गेले.

आतलं सगळं तिने बसमध्ये सांगितलं. पहिला उतारा झाल्यावर एक सर म्हणाले, "पुन्हा कर. शेजारी तुझा लहान भाऊ तापाने झोपलाय, तो उठता कामा नये." ती म्हणाली, "आई, मी इतकी हळू बोलले की मलाच रडू आलं, आणि ते मी ठरवलेलं नव्हतं." मग विचारलं, घरी कसं बोलता? ती म्हणाली, मालवणीत. मग हलका उतारा मालवणीत करायला लावला. तो लिहिलेला होता प्रमाण मराठीत, म्हणजे उभ्या उभ्या वाक्यं तयार करायची. इथे खळ्यातला नारद कामाला आला. गाणं म्हणून तिने गणपतीतली फुगडी म्हटली, ती बरी झाली नाही असं तिचंच म्हणणं. घरून विरोध आहे का, या प्रश्नाला तिने "मावशीचा" असं उत्तर दिलं आणि ते हसले.

आणि एक प्रश्न असा की त्यावर बरीच मुलं अडखळली म्हणे: तुम्ही स्वतः काम न केलेलं, नुसतं पाहिलेलं शेवटचं नाटक कोणतं? कोणी दिग्दर्शित केलेलं, काय आवडलं, काय पटलं नाही? लेकीने कणकवलीला आचरेकर प्रतिष्ठानच्या महोत्सवात पाहिलेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं, त्यातली प्रकाशयोजना पटली नाही म्हणून. का पटली नाही, यावर तिला बराच वेळ बोलतं ठेवलं.

पहिल्या यादीत नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं. तोवर कुडाळच्या कॉलेजात बीएचा प्रवेश घेऊन ठेवलेला, युवा महोत्सवाच्या ग्रुपचे सर ओळखीचे, तेव्हा वर्ष वाया जाणार नव्हतं. हा दुसरा दरवाजा ऑडिशनच्या आधीच उघडून ठेवा. निकालानंतर उघडला तर पोराला ती शिक्षा वाटते. मग फोन आला, जागा आहे, येणार का. हॉस्टेल मिळायला वेळ लागला, तोवर चिंचवडहून रोज येजा. विद्यापीठाची फी आम्हाला झेपली, राहण्या-खाण्याने जास्त दमवलं. मामंजींना फोनवर ती सांगते की सकाळी व्यायाम आणि मग जागा झाडून घ्यायची असते. त्यांचं म्हणणं, "म्हंजे पेटारो व्हायचोच."

हल्ली मलाच फोन येतात. परवा वेंगुर्ल्याचे एक वडील विचारत होते, मुलाची एकपात्रीची दहा प्रमाणपत्रं फॉर्मला जोडू का. म्हटलं, जोडा, पण आधी त्याला विचारा, स्वतः नसलेलं शेवटचं नाटक कोणतं पाहिलंस. अर्ध्या तासाने त्यांचा पुन्हा फोन. "वहिनी, तो म्हणतो एकही नाही. शनिवारी मालवणला मामा वरेरकर नाट्यगृहात प्रयोग आहे, तिकीट काढलंय. माझंही काढलं. मीही पाहिलेलं नाही हो."