तुम्ही विचारलंत म्हणून : घटात उगवते, मग कुंडीत का नाही?

पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात मला वर्षातून निदान दहा वेळा एकच प्रश्न विचारला जातो. "तुमच्याकडे सगळं बियांपासून कसं उगवतं हो? आम्हीसुद्धा चांगलं पाकीट आणलं, पेरलं, रोज भरपूर पाणी घातलं, पण एक कोंब वर आला नाही." उत्तर बहुधा त्या 'रोज भरपूर पाणी'मध्येच असते, परंतु तेवढेच सांगितले तर विचारणाऱ्याला मी टाळते आहे असे वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्या पुष्कळांच्या घरी नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर किंवा टोपलीत शेतातली माती पसरून तीत गहू, ज्वारी आणि घरात असतील ती आणखी धान्ये पेरली जातात, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवला जातो, दोन-तीन दिवसांत कोंब दिसू लागतात आणि दसऱ्यापर्यंत टोपीत खोचण्याइतका तुरा तयार होतो. तेथे कोकोपीट नसते, खताची गोळी नसते, तरीही घट उगवला नाही अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. याचे कारण मांडणीतच आहे. मातीच्या घटातून पाणी पाझरते ते संथपणे, त्यामुळे भोवतालची माती ओलसर राहते, पण तिचा चिखल होत नाही. धान्य फार खोल गाडलेले नसते. शिवाय देवाचे म्हणून कोणी रोज बोटाने उकरून पाहत नाही, आणि माझ्या मते हे कारण सर्वांत मोठे आहे.

बियाला रुजण्यासाठी पाण्याइतकीच हवा लागते. चिखलात हवा उरत नाही आणि बी आतल्या आत कुजते. शेतकऱ्याकडे यासाठी 'वाफसा' हा नेमका शब्द आहे : माती ओली आहे, पण मोकळीही आहे, अशी तिची अवस्था. जोराचा पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच पेरत नाही, वाफसा येण्याची वाट पाहतो. कुंडीवाल्यांना मात्र तेवढा दम निघत नाही. मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा. तो बनला आणि बोटाने टोचताच फुटला, तर पेरायला हरकत नाही. बोटांमधून पाणी गळाले, तर एक दिवस थांबावे.

हे शहाणपण मला पहिल्याच वर्षी नुकसान सोसून आले. वांग्याची चाळीसेक रोपे अगदी दाट आणि देखणी उगवली होती, आणि मी कौतुकाने त्यांना सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालत होते. एके दिवशी सकाळी पाहते तो निम्मी रोपे आडवी पडलेली, देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक झालेला, आणि दोन दिवसांत उरलेलीही गेली. सतत ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीमुळे रोपे अशी कोलमडतात, आणि एकदा देठ बारीक झाला की रोप वाचत नाही. तेव्हापासून मी वरून पाणी घालणे सोडले. तळाला भोके असलेला ट्रे पाणी भरलेल्या परातीत पंधरा मिनिटे ठेवायचा आणि वरची माती काळपट दिसू लागली की उचलायचा. घटात पाणी बाजूने झिरपते, येथे खालून चढते, एवढाच फरक.

खोलीचा नियम सोपा आहे : बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी. भोपळ्याचे बी बोटाच्या पेराएवढे खोल चालते, तर तुळशीचे मातीवर नुसते भुरभुरून हाताने दाबावे. धने हलके रगडून दोन दले वेगळी केल्याशिवाय पेरू नयेत. गोकर्णाचे कठीण बी पॉलिश पेपरवर थोडे घासून रात्रभर भिजवावे लागते.

यापुढचा भाग धीराचा. मेथी तिसऱ्या दिवशी दिसते, टोमॅटोला आठवडाभर लागतो आणि मिरची दोन आठवडेही घेते. शिवाय तिला २५ ते ३० अंशांची ऊब हवी असते, म्हणून पुण्याच्या थंडीत पेरलेली मिरची रुसून बसते. पाकिटावर उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख छापलेली असते, ती दुकानातच वाचावी. मिरचीच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण ६० टक्के धरलेली आहे, म्हणजे दहातली सहा उगवली तर दुकानदाराशी भांडायला जाण्याचे कारण नाही. कांद्याचे बी तर वर्षभरातच जुने होते.

मात्र एका बाबतीत घटाचे अनुकरण करू नये. देवघराच्या अंधारात वाढल्यामुळे घटाचे तुरे पिवळसर आणि उंच होतात. दसऱ्याला ते शोभून दिसतात, पण वांग्याचे रोप तसे वाढले तर पुढे उभे राहत नाही. कोंब दिसताच ट्रे उजेडात आणि एक-दोन दिवसांत कोवळ्या उन्हात न्यावा. टोमॅटोचे रोप उंच झालेच, तर कुंडीत लावताना गळ्यापर्यंत गाडावे, कारण त्याच्या देठालाही मुळे फुटतात.

आता प्रश्न उरतो घरचे बी धरण्याचा. संकरित वाणाच्या फळातले बी उगवते, पण पुढची झाडे आणि फळे आधीच्यासारखी निघतीलच असे नाही, म्हणून बी देशी वाणाचेच धरावे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती अशी देशी वाणे जपल्याबद्दलच. टोमॅटोच्या बियांवरचा बुळबुळीत गर उगवण रोखतो, म्हणून तो रसासकट दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, बी सावलीत वाळवावे. नंतर कागदी पुडीत ठेवून तिच्यावर नाव आणि महिना लिहावा. गेल्या वर्षी मी ते लिहिले नव्हते. वांगी आणि मिरची यांचे वाळलेले बी दिसायला सख्ख्या भावंडांसारखे असते, त्यामुळे मी शेजारच्या काकूंना वांग्याची म्हणून मोठ्या ऐटीत दिलेली पुडी मिरचीची निघाली. काकू अजूनही जिन्यात भेटल्या की भरीत कधी करायचे म्हणून विचारतात.