शिकारीची शॉटगन: वजन किती, त्याहून ते कुठे आहे

परदेशात आल्यावर शिकारीचा परवाना काढून मी पहिली शॉटगन निवडली, तेव्हा दिवसभर उंच गवतातून चालायचे असल्याने बंदूक जितकी हलकी तितकी चांगली, एवढाच विचार केला होता. अडीच किलोची, वीस बोअरची (म्हणजे तुलनेने बारीक नळ्यांची) ती दुनळी खांद्याला जाणवतही नसे. परंतु पहिल्या हंगामात आडव्या उडणाऱ्या पक्ष्यांवर झाडलेले माझे बहुतेक छर्रे त्यांच्या मागून गेले.

उडत्या पक्ष्याच्या पुढे नेम धरावा लागतो आणि चाप ओढल्यानंतरही नळी फिरतीच ठेवावी लागते. हलकी बंदूक चटकन वर येते, मात्र हात किंचित थबकला की तीही थबकते. जड बंदूक वळायला वेळ घेते, पण एकदा फिरू लागली की हाताची छोटी चूक पोटात घालते. म्हणूनच झुडपांतून अचानक उठणाऱ्या पक्ष्यांसाठी २.७ ते ३ किलोची, तर एका जागी दबा धरून रानबदके टिपण्यासाठी ३.३ किलो किंवा त्याहून जड बंदूक मला योग्य वाटते.

तरीही काट्यावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. दुनळी बंदूक बिजागरीच्या खिळीपाशी, म्हणजे जिथे नळ्या दुमडतात तिथे, बोटावर तोलून पाहतात. पण त्याच बिंदूवर तोललेल्या, सारख्याच वजनाच्या दोन बंदुकाही हातात वेगळ्या वागतात. वजन दोन्ही हातांच्या मध्ये एकवटले असेल तर बंदूक चपळ होते आणि तेच नळीच्या टोकाकडे व दस्त्याच्या शेवटाकडे विभागले असेल तर ती संथ, स्थिर फिरते. शाळेत शिकलेले जडत्व आघूर्ण ते हेच. पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा रिसीव्हर (नळीमागचा, यंत्रणा सामावणारा भाग) बसवला की वजन नेमके मधून कमी होते आणि बंदूक तोंडाकडे जड वाटू लागते. पंप (हाताने पुढचा दस्ता मागेपुढे ओढून भरायच्या) किंवा अर्धस्वयंचलित बंदुकीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात असतात, त्यामुळे प्रत्येक बार उडाल्यावर तोल थोडा मागे सरकतो.

धक्क्याचाही हिशेब करावा लागतो. तेच काडतूस ३.४ किलोऐवजी २.७ किलोच्या बंदुकीतून झाडले, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे सव्वापट होते. बंदुकीचे वजन एका काडतुसातील छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावे, हा जुना ठोकताळा मला आजही उपयोगी वाटतो: २८ ग्रॅम छर्‍यांसाठी साधारण २.७ किलो.

पुढच्या खेपेस बंदूक निवडताना ती रिकामी असल्याची खात्री करून, हिवाळी कोट घालून, मी डोळे मिटून ती वारंवार खांद्याला लावली आणि भिंत व छत जिथे मिळतात त्या रेषेवरून नळी फिरवून पाहिली. पाच-सहा बंदुका त्या रेषेवरून घसरत गेल्या. २८ इंची नळ्यांची, तीन किलोची एक मात्र शेवटपर्यंत रेषेवर राहिली आणि मी तीच घेतली.