जोडीची ओळख

कर्मवीर भाऊराव अण्णांची जयंती 22 सप्टेंबरची. त्याच्या आसपासचा रविवार धरून आमच्या बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन हे सगळीकडे असतं तसंच. अहवाल सुरू झाला की मागच्या रांगा चहाला उठतात, त्याचं कोणी मनावर घेत नाही.

अध्यक्ष दर वर्षी अण्णांची तीच गोष्ट सांगतात आणि मी ती दर वर्षी कान देऊन ऐकतो. अण्णा कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आले, तर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही असं त्यांना सांगण्यात आलं. अण्णांनी ते ऐकलं नाही आणि त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. पुढे 1924 साली त्याच माणसाने साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणलं. 1927 साली गांधीजी ते बघायला आले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने विकले. आमचं बोर्डिंग तालुक्याच्या गावचं, लहान, पण वळण तेच. चूल एक आणि कामाच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या.

मी मेळाव्याला जातो तो मात्र जोडीच्या ओळखीसाठी. जेवणाच्या आधी दोघे स्टेजवर येतात, एके काळी एकाच पाळीत चुलीपुढे बसलेले. नियम असा की स्वतःबद्दल बोलायचं नाही, जोडीदाराची ओळख करून द्यायची. आणि सुरुवात एकाच गोष्टीने करायची: बोर्डिंगात येताना घरून याच्या लोकांबद्दल काय ऐकून आलो होतो. आजवर इतकी भाषणं ऐकली, पण हे पहिलं वाक्य बोलताना भल्याभल्यांचा आवाज बदलतो.

एक जोडी सांगतो. एक आमच्याकडचा मराठा शेतकरी, पुढे गावचा सरपंच झाला. दुसरा पारधी समाजातला, एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. सरपंच म्हणाला, "मला आजीनं सांगून पाठवलं होतं, पारध्याचं पोर खोलीत असलं तर पेटीची किल्ली करगोट्याला बांध. मी बांधली." मंडप गप्प झाला. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली तो शिक्का सरकारी कागदावरून पुसला, पण आजीच्या तोंडून तो पुढच्या पिढीत आला, तेव्हा बोर्डिंगच्या खोलीत सगळ्या पेट्यांना कुलपं होती, फक्त एका पोराकडे कुलूप नव्हतं. पारध्याच्या पोराकडे कुलूप लावायला पेटीच नव्हती, पिशवी होती.

आमच्या रेक्टरांनी काय करावं? पहिल्या सहामाहीतच धान्याच्या कोठीची किल्ली त्याच पोराच्या हातात दिली. भाषण नाही, समजावणं नाही. पाळीच्या पोरांनी पीठ त्याच्याकडून मोजून घ्यायचं. सरपंचाने स्टेजवर हाताने करून दाखवलं: मापटं भरायचं, वर तळहात फिरवून सपाट करायचं, सांडलेलं पीठ परत डब्यात झाडायचं, मग पुढचं मापटं. पीठ कमी पडलं तर सगळ्यांच्याच भाकऱ्या कमी, आणि त्या पोराच्या हाताखाली ते कधी कमी पडलं नाही. दिवाळीच्या सुट्टीला घरी जाताना सरपंचाने आपल्या पेटीची किल्ली करगोट्यातून सोडून त्याच्याकडे ठेवायला दिली. घरी आजीशी भांडण झालं ते वेगळंच.

कंडक्टर उभा राहिला तो फार बोलला नाही. म्हणाला, "आम्हाला घरी सांगितलेलं, गाववाल्याच्या पोराशी दोस्ती केली तर चोरी झाल्यावर पहिलं आपलंच नाव घेतील." मग म्हणाला की गावात एकदा इंजिनाची चोरी झाली, पोलीस नेहमीप्रमाणे आधी आमच्या वस्तीवर आले, तेव्हा हा सरपंच चपला घालायच्याही आधी धावत आला आणि पुढे उभा राहिला. एवढं बोलून तो खाली बसला. त्या दिवशी आमटी थंड झाली तरी कोणी तक्रार केली नाही.

आमच्यातले एक जण कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. त्यांनी एका मेळाव्यात सांगितलेलं मला पक्कं लक्षात आहे. 1954 साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडलं की नुसतं जवळ राहून मनातलं किल्मिष जात नाही. दर्जा सारखा हवा, काम एकच हवं, ते एकमेकांच्या मदतीने करावं लागायला हवं आणि वरच्या माणसाचा त्याला पाठिंबा हवा. त्याच वर्षी मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमात शाळकरी पोरांचं शिबिर घेतलं. स्पर्धा लावून दोन गट एकमेकांवर उठवले, मग जेवायला एकत्र आणले, तर पोरांनी अन्नच एकमेकांवर फेकलं. पाण्याची टाकी बंद पडली, ट्रक सगळ्यांनी मिळून दोराने ओढावा लागला, तेव्हा कुठे दोस्ती सुरू झाली. पुढे 2006 साली पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले गेले आणि संपर्काने पूर्वग्रह बहुधा कमीच होतो असं दिसलं. हे ऐकताना आम्हा सगळ्यांना आमची चूलच दिसत होती. सहभोजनाचा फोटो काढून घरी जाणाऱ्यांचं मला म्हणूनच फारसं कौतुक नाही. बरोबर जेवण्याआधी बरोबर राबावं लागतं.

सगळं साधलं असंही नाही. अशाच एका ओळखीत तांबोळ्यांच्या मित्राने सांगितलं होतं की दोस्ताच्या घरी त्याच्यासाठी कपबशी बरीच वर्षं वेगळी निघायची. दोस्त बदलला होता, घर बदललं नव्हतं. ती कपबशी मोडली दोस्ताच्या आईनेच, पोराची बायको पहिल्या बाळंतपणाला अडली आणि रात्री तांबोळ्यांची जीप दारात आली त्यानंतर.

आता ज्यांच्यावाचून मेळावा उभा राहत नाही ते. नावं छापू नका असं त्यांनीच बजावलंय, म्हणून कामाने सांगतो. भाड्याचे पैसे मागायला लाजणारे मंडपवाले मामू. पहाटे चारपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या ताया, आणि त्यांना सरपण आणून देणारे त्यांचे घरधनी. पाण्याचा टँकर फुकट देणारे दूधसंघाचे भाऊ. माइक ओरडायला लागला की धावणारा साउंडवाला पोरगा. नोंदणीच्या टेबलावर दिवसभर बसणारे तलाठी भाऊसाहेब. शाळेचे शिपाई मामा, रविवार असूनही वर्ग उघडून देणारे. आमच्या स्वयंपाकी अक्कांची लेक, जी आईमागे खर्डा करून आणते. पत्रिका वाटणारे दोघे दुधवाले. जेवणानंतर खरकटं काढणारी आताची बोर्डिंगची पोरं, आणि फुलं देणारे माळीदादा.

आणि न आलेले. पुण्या-मुंबईच्या मंडळींना ट्रॅफिक आडवा येतो, ते समजू शकतो. पण गेल्या वर्षी आमच्यातले कितीतरी जण त्याच रविवारी आपापल्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यांना गेले, आणि ग्रुपवर दोन्हीकडचे फोटो आले. ते मला लागलं. ज्यांनी एका तव्यावरची भाकरी खाल्ली त्यांनी हा एक रविवार तरी मोकळा ठेवावा.

यंदा ओळखीसाठी दोन जोड्या ठरल्यात. 1990 नंतरच्या बॅचमधून अजून एकही नाव नाही. तुमच्या पाळीतला जोडीदार कुठे आहे ते माहीत नसेल तर तलाठी भाऊसाहेबांना विचारा, त्यांच्या वहीत बहुतेकांचे नंबर आहेत. त्याला घेऊनच या. एकट्याला स्टेजवर घेत नाही.